गरोदरपणातलं वाढलेलं बीपी: काही दुखत नाही म्हणून थांबू नका

सिस्टर कार्डावर लाल स्टिकर लावते, ‘हाय रिस्क’ म्हणते आणि पुढच्या बाईला हाक मारते. घरी आल्यावर सगळे विचारतात, काय झालं? ती सांगते, बीपी वाढलंय म्हणे, लघवीतही काहीतरी सापडलंय. सासूबाई म्हणतात, माझं पण वाढलं होतं, काही होत नाही त्याने. शेजारीण म्हणते, मीठ बंद कर. तिला स्वतःला तर काहीच त्रास नसतो. जेवण जातं, झोप लागते, बाळ हलतं. मग आजार आहे तरी कुठे?

वस्तीत घरोघर जाताना आणि विहारात महिला मंडळाच्या बैठकीत गरोदर बायांशी बोलताना आमचा सगळ्यात जास्त वेळ या एका प्रश्नावर जातो. या आजाराचं नाव प्रीएक्लॅम्प्सिया. केसपेपरवर कधी ‘पीई’ तर कधी ‘पीआयएच’ असं लिहिलेलं दिसेल. जुनी माणसं ‘टॉक्सिमिया’ म्हणायची. टॉक्सिमिया म्हणजे रक्तात विष होणं, पण या आजारात असं कुठलंही विष नसतं आणि तुम्ही काही वावगं खाल्लं म्हणून तो होत नाही. शंभर गरोदर बायांपैकी दोन ते आठ जणींना तो होतो. म्हणजे आपल्या एका मोठ्या गल्लीत दरवर्षी एखाद-दुसरी तरी असतेच.

पाचवा महिना उलटल्यावर, म्हणजे २० आठवड्यांनंतर, आधी नॉर्मल असलेलं बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर गेलं, किमान चार तासांच्या अंतराने पुन्हा मोजल्यावरही तसंच निघालं, आणि सोबत लघवीतून प्रोटीन जायला लागलं किंवा किडनी, लिव्हर, रक्तातल्या प्लेटलेट, मेंदू, बाळाची वाढ यांपैकी कशावर परिणाम दिसला, तर त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात. वरचा आकडा किंवा खालचा, दोन्हींपैकी एक वाढला तरी तो धरायचा. १६०/११० झालं तर उद्याची वाट बघायची नाही, तेव्हाच दवाखाना गाठायचा.

हे होतं कशामुळे? मूळ आहे वारेत. बाळाला आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू पोचवते ती वार. पहिल्या काही महिन्यांत गर्भाशयाच्या रक्तवाहिन्या रुंद व्हाव्या लागतात, म्हणजे वारेला भरपूर रक्त मिळतं. काही बायांमध्ये त्या अरुंदच राहतात. आपल्याकडे पाइपलाइन बारीक असली की शेवटच्या घराला पाणी पोचत नाही, तसंच. उपाशी राहिलेली वार आईच्या रक्तात काही पदार्थ सोडते आणि त्यामुळे आईच्या सगळ्या अंगातल्या रक्तवाहिन्या आवळतात, गळक्या होतात. म्हणून बीपी चढतं. किडनीची चाळणी खराब होऊन प्रोटीन लघवीत उतरतं. पाणी झिरपून चेहऱ्यावर, हातांवर सूज येते. लिव्हरवर, मेंदूवर ताण येतो आणि बाळ बारीक राहतं.

हे सगळं होत असताना सुरुवातीला काहीही दुखत नाही. आकडा वाढतो तो फक्त मशीनवर दिसतो.

टेन्शनमुळे झालं, नजर लागली, ग्रहणात विळी हातात धरली, असली कारणं आपल्या घरांतूनसुद्धा अजून ऐकू येतात, याचं आम्हाला वाईट वाटतं. दीक्षा घेऊन तीन पिढ्या झाल्या, तरी गरोदर बाईच्या बाबतीत जुनं सगळं मागच्या दाराने परत येतं. त्यात दोष बाईच्याच माथी बसतो. हा आजार तिच्या वागण्याने झालेला नाही, हे घरातल्या माणसांनी आधी मनात पक्कं करावं.

धोका काहींना जास्त असतो. पहिलटकरीण, आधीच्या बाळंतपणात बीपी वाढलेली, आईला किंवा सख्ख्या बहिणीला हा त्रास झालेली, जुळं असलेली, आधीपासून बीपी, शुगर किंवा किडनीचा आजार असलेली, वजन खूप जास्त असलेली, फार लहान वयात किंवा पस्तिशीनंतर दिवस गेलेली. यांतलं काही असेल तर नाव नोंदवायला जाल त्याच दिवशी न विचारता सांगा. कारण अशा बायांसाठी एक साधी, स्वस्त गोळी आहे, ॲस्पिरिनची कमी डोसची. ती साधारण १२ आठवड्यांपासून, १६ आठवड्यांच्या आत सुरू केली तर उपयोग होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या परदेशातल्या एका मोठ्या अभ्यासात, जास्त धोका असलेल्या बायांनी ही गोळी रोज रात्री घेतल्यावर ३७ आठवड्यांच्या आत होणारा प्रीएक्लॅम्प्सिया साठ टक्क्यांच्या आसपास कमी झाला. गोळी डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच घ्यायची, मेडिकलमधून आपल्या मनाने नाही. पण चौथा-पाचवा महिना लागल्यावर नाव घालणारीला हा फायदा पुरता मिळत नाही. म्हणून आम्ही तिसऱ्या महिन्याच्या आत नोंदणी करा म्हणून मागे लागतो.

आकडा विचारा

तपासणीला गेल्यावर “बीपी नॉर्मल आहे” एवढ्यावर उठू नका. किती आहे ते विचारा आणि माता-बाल संरक्षण कार्डावर तारखेसह लिहून घ्या. लघवीची तपासणीही दर वेळी व्हायला हवी. रिपोर्टमध्ये ‘अल्ब्युमिन’ असं लिहिलेलं असतं आणि त्यापुढे निल, ट्रेस किंवा अधिकची एक, दोन, तीन चिन्हं. निल म्हणजे काही नाही. अधिकचं चिन्ह दिसलं तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांना तिथेच विचारायचं. लघवीची डबी हातात दिली आणि गर्दी बघून बाई तशीच परत आली, असं आम्ही पुष्कळदा पाहतो. तो एक तास थांबण्यासारखा आहे.

आकडा लिहून घेण्याचा दुसरा फायदा म्हणजे चढ दिसतो. तिसऱ्या महिन्यात १००/६० असलेलं बीपी सातव्या महिन्यात १३४/८६ झालं तर ते अजून १४०/९० नाही, पण ते वर चाललंय, हे कार्डावर दिसतं. अशा बाईला महिनाभराने नाही, आठवड्याभराने पुन्हा बोलवायला हवं. तिने स्वतःच तसं म्हणावं.

मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसा. जिना चढून धापा टाकत मोजलेलं, चहा पिऊन लगेच मोजलेलं किंवा मिसरी लावून आल्या आल्या मोजलेलं बीपी खरं नसतं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक न टाकलेले, दंड छातीच्या पातळीला. स्वेटरच्या किंवा घट्ट बाहीच्या वरून पट्टा बांधू देऊ नका.

जागतिक आरोग्य संघटना २०१६ पासून गरोदरपणात किमान आठ तपासण्या व्हाव्यात असं सांगते. आपल्याकडे चार झाल्या तरी खूप असं मानतात, आणि त्यातल्याही शेवटच्या दोन चुकतात. चुकतात त्या माहेरी जाण्याच्या गडबडीत. यावर जरा सविस्तर बोललं पाहिजे.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण होतं, फोटो होतात आणि आठव्यात पोरगी माहेरी जाते. मुंबईतून बुलढाण्याला, पुण्यातून लातूरला, नागपुरातून एखाद्या खेड्यात. सासरी महापालिकेच्या दवाखान्यात नाव असतं, माहेरी कुठेच नसतं. कार्ड सासरच्या कपाटात राहतं. माहेरी गेल्यावर पाहुणे, आराम, खाणंपिणं. चार-पाच आठवडे कुणी बीपी मोजत नाही. आणि हा आजार नेमका याच आठवड्यांत जास्त करून डोकं वर काढतो. आमच्या ओळखीच्या एका पहिलटकरणीचं असंच झालं. गावी गेल्यावर पंधरा दिवसांत चेहरा सुजला, बांगड्या आवळायला लागल्या. आई म्हणाली, बाळसं धरलंय पोरीने. दोन दिवस डोकं ठणकत होतं, तेव्हा बाम लावला. तिसऱ्या रात्री तिला आकडी आली. शेजारी जमले, कुणी कांदा फोडून नाकाला लावला, कुणी चप्पल हुंगवली, कुणी बाहेरचं काही आहे म्हणालं. गाडी मिळून दवाखान्यात पोचेपर्यंत दोन तास गेले होते. ती वाचली. बाळ वाचलं नाही.

म्हणून माहेरी निघालेल्या प्रत्येक बाईच्या पिशवीत पहिली वस्तू कार्ड आणि सगळे रिपोर्ट, मग साड्या. गावात पोचल्यावर आठ दिवसांच्या आत तिथल्या आशाताईला भेटून उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपी आणि लघवी तपासून घ्यायची. कार्डाच्या प्रत्येक पानाचा फोटो नवऱ्याच्या आणि आईच्या मोबाइलमध्ये ठेवा. बीपी आधीच वाढलेलं असेल तर माहेरी जायचं की नाही हे डॉक्टरांना विचारून ठरवा. मोठा दवाखाना दोन-तीन तास लांब असलेल्या गावात जाण्यापेक्षा आईला आपल्याकडे बोलावलेलं बरं. खोली लहान आहे, माणसं जास्त आहेत, हे आम्हाला माहीत आहे. तरी हेच सांगू.

बीपी वाढलेलं असताना घरी राहायचं कसं

आजार सौम्य असेल तर काही बायांना डॉक्टर घरी पाठवतात आणि आठवड्यातून एक-दोनदा तपासायला बोलावतात. ही तारीख चुकवायची नाही. त्या दिवशी बीपी, लघवी, मधून मधून रक्ताची तपासणी आणि बाळाची सोनोग्राफी होते. रक्तात प्लेटलेट, लिव्हरसाठी एसजीपीटी आणि किडनीसाठी क्रिएटिनिन पाहतात.

गोळ्यांबद्दल. गरोदरपणात बीपीसाठी लॅबेटॅलॉल, निफेडिपिन, मिथाइलडोपा यांपैकी गोळ्या देतात. या बाळासाठी चालतात. बरं वाटतंय म्हणून त्या बंद करू नका, कारण बरं तर आधीपासूनच वाटत होतं. आणि सासूबाईंची किंवा सासऱ्यांची बीपीची गोळी एक दिवसही खाऊ नका. टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल या गोळ्या म्हाताऱ्या माणसाला चांगल्या, पण पोटातल्या बाळाच्या किडनीला त्या घातक आहेत. ज्यांना आधीपासून बीपी आहे आणि अशी गोळी चालू आहे, त्यांनी दिवस गेल्याचं कळताच डॉक्टरांकडून गोळी बदलून घ्यावी. डोकेदुखीसाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्याही मेडिकलमधून आणून घ्यायच्या नाहीत.

बीपीच्या गोळीने आजार बरा होत नाही, हे मात्र समजून घ्या. गोळी मेंदूतली नस फुटण्याचा धोका कमी करते, वेळ काढून देते. बाळ पोटात थोडं वाढावं म्हणून तेवढा वेळ हवा असतो.

खाण्यात सगळ्यात मोठा गोंधळ मिठाचा. जेवण आळणी करायची गरज नाही. आळणी जेवण जात नाही, बाई अर्धी उपाशी राहते आणि आजाराला त्याचा काही उपयोग होत नाही. रोजच्या भाजी-आमटीत असतं तेवढं मीठ चालेल. वरून मीठ, लोणचं, पापड, पाकिटातले वेफर्स आणि खारवलेलं सुकट-बोंबील रोज रोज नको, इतकंच. दुसरा गैरसमज: लघवीतून प्रोटीन जातंय तर अंडी, डाळ बंद करा. उलट आहे. जे अंगातून निघून जातंय ते भरून काढायचं की तोडायचं? अंडी, डाळी, शेंगदाणे, मासे, मटण जसं परवडेल तसं खा. वर्षावासात काही घरांतून उपोसथ पाळतात, दुपारनंतर जेवत नाहीत. गरोदर बाईने तो पाळू नये. रात्रीचं जेवण तिने घ्यायलाच हवं.

कॅल्शियम कमी पडणाऱ्या बायांमध्ये हा आजार जास्त होतो आणि कॅल्शियमच्या गोळ्यांनी धोका कमी होतो. सरकारी दवाखान्यात चौथ्या महिन्यापासून ५०० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या रोज, फुकट मिळतात आणि बाळंतपणानंतरही सहा महिने घ्यायच्या असतात. त्या लोहाच्या गोळीसोबत एका वेळी घेऊ नका, दोन्हींमध्ये काही तासांचं अंतर हवं. नाहीतर लोह अंगी लागत नाही. नाचणीची भाकरी, तीळ, शेवग्याचा पाला, राजगिरा, दूध-दही यांतूनही कॅल्शियम मिळतं.

आता आरामाचं. डॉक्टर एका ओळीत लिहितात, ‘विश्रांती’. चार घरची धुणीभांडी करणारी बाई ती कुठून आणणार? १९२८ साली मुंबई विधिमंडळात कारखान्यातल्या बायांना बाळंतपणाच्या काळात पगारी सुट्टी मिळावी म्हणून विधेयक आलं तेव्हा बाबासाहेब त्याच्या बाजूने बोलले होते. पुढे कायदे झाले, आज २६ आठवड्यांची रजा आहे. पण ती पगारपत्रकावर नाव असलेल्या बाईला मिळते. घरकाम करणारी, कचरा वेचणारी, नाक्यावर उभी राहणारी आपली बाई त्या कागदावर नाहीच. त्यामुळे विश्रांती हा आपल्याकडे घरातल्या माणसांनी वाटून घ्यायचा हिशेब होतो. दिवसभर खाटेवर पडून राहायला आम्हीही सांगत नाही, त्याने फायदा होत नाही आणि पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याची भीती असते. पण पहाटे नळावरून हंडे आणणं, उन्हात तासन्‌तास उभं राहणं, जड उचलणं, रात्रपाळी हे थांबलं पाहिजे. ते काम नवऱ्याने, दिराने, नणंदेने उचलावं. दुपारी तासभर आणि रात्री कुशीवर, शक्यतो डाव्या, झोपायला मिळालं पाहिजे. कामाच्या घरी मालकिणीला बीपीचा कागद दाखवून काही दिवसांसाठी बदली बाई देता येते का पाहा. आमच्या अनुभवात शेजारच्या दोघी-तिघींनी कामं वाटून घेतली की घर सुटत नाही.

बचत गटाने किंवा महिला मंडळाने मिळून दंडावर बांधायचं एक डिजिटल बीपी मशीन घेता आलं तर घ्या. मनगटावरचं नको. एकदा दवाखान्यात नेऊन तिथल्या मशीनशी आकडा जुळतो का ते पाहा. बीपी वाढलेल्या बाईचं सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहायचं. मशीन आहे म्हणून दवाखान्याची तारीख मात्र टळत नाही. लघवी आणि रक्त मशीनला कळत नाही.

त्याच वेळी निघायचं, अशी लक्षणं

डोकं सतत ठणकणं, साध्या पॅरासिटामॉलनेही न थांबणारं. डोळ्यांपुढे काजवे चमकणं, धूसर किंवा दोन-दोन दिसणं, मध्येच अंधारी येणं. चेहरा, हात अचानक सुजणं, अंगठी किंवा बांगड्या एकाएकी घट्ट होणं. पाचव्या महिन्यानंतर नव्याने सुरू झालेल्या उलट्या. धाप लागणं. दिवसभरात लघवी अगदी थोडी होणं. बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटणं. पोटात सतत कळ येणं किंवा अंगावरून रक्त जाणं, कारण या आजारात वार वेळेआधी सुटू शकते.

आणि एक लक्षण आम्ही वेगळं काढून सांगतो, कारण त्यावर सगळ्यात जास्त फसगत होते. छातीच्या खाली, उजव्या बरगडीच्या कडेला किंवा पोटाच्या खड्ड्यात दुखणं. बाई म्हणते ॲसिडिटी झाली, रात्री वडा खाल्ला होता. सोडा पिते, मेडिकलमधून गॅसची गोळी आणते. ते दुखणं पुष्कळदा लिव्हरला आलेल्या सुजेचं असतं. याच्या गंभीर प्रकारात रक्तातल्या पेशी फुटतात, प्लेटलेट घसरतात, आणि कधी कधी तेव्हा बीपी फार वाढलेलंही नसतं. सहावा महिना उलटलेल्या बाईला असं दुखायला लागलं तर गोळी देण्याआधी बीपी मोजा, रक्त तपासायला न्या.

पायांवर, घोट्यांवर संध्याकाळी थोडी सूज पुष्कळ गरोदर बायांना येते, तेवढ्याने घाबरू नका. पण सूज नाही म्हणजे आजार नाही, असंही नाही.

आकडी आलीच तर बाईला जमिनीवर डाव्या कुशीवर वळवा, म्हणजे लाळ-उलटी बाहेर येईल. आजूबाजूची भांडी, टोकदार वस्तू बाजूला करा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. कांदा नको, चप्पल नको. हातपाय दाबून धरू नका. कुणीतरी त्याच क्षणी १०८ लावावा आणि स्पष्ट सांगावं: “गरोदर आहे, अमुक महिना, फिट आली.” १०२ ची गाडी गरोदर बायांसाठी असते, पण आकडीला १०८ बोलवा, त्यात डॉक्टर असतात. गल्लीत गाडी शिरत नसेल तर बाईला रस्त्यापर्यंत कसं न्यायचं, कुणाची रिक्षा, कोण चार माणसं, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा.

कुठल्या दवाखान्यात जायचं तेही आधी विचारून ठेवा. बीपी वाढलेल्या बाईसाठी रक्तपेढी, भूलतज्ज्ञ आणि बाळाला ठेवायला काचेची पेटी असलेला दवाखाना हवा. छोट्या प्रसूतिगृहातून ऐनवेळी पुढे पाठवण्यात वेळ जातो. सरकारी दवाखान्यात २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि जाण्यायेण्याची गाडी हे सगळं मोफत आहे, आणि ते प्रत्येक गरोदर बाईला आहे. त्यासाठी जातीचा दाखला किंवा पिवळं रेशनकार्ड लागत नाही. कुणी बाहेरून इंजेक्शन आणा म्हणालं तर या योजनेचं नाव घेऊन विचारा आणि चिठ्ठी लेखी मागा. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून. तो दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा.

भरती झाल्यावर

बीपी फार चढलं किंवा आकडीची भीती असली की मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन देतात. सिस्टर त्याला मॅगसल्फ म्हणतात. शिरेतून आणि दोन्ही कुल्ल्यांवर खोल टोचतात. फार दुखतं. अंगातून गरम वाफ निघाल्यासारखं वाटतं, घाम येतो, चेहरा लाल होतो. बाहेर बसलेले नातेवाईक घाबरतात, चुकीचं इंजेक्शन दिलं म्हणून ओरडतात. पण आकडी थोपवण्यासाठी याच्याइतकं चांगलं औषध नाही. २००२ साली ३३ देशांतल्या दहा हजारांहून अधिक बायांवर झालेल्या अभ्यासात या औषधाने आकडीचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. औषध स्वस्त आहे, जुनं आहे. ते चालू असताना सिस्टर गुडघ्यावर हातोडी मारून पाहतात, श्वास मोजतात, लघवीची पिशवी तपासतात. औषध जास्त झालं तर ते आधी तिथे कळतं, म्हणून हे करायचं असतं. कुणी बराच वेळ फिरकलं नाही तर नातेवाइकांनी जाऊन बोलवावं.

मग प्रश्न येतो बाळ काढण्याचा. डॉक्टर म्हणतात, आता थांबता येणार नाही. घर म्हणतं, अजून दिवस भरले नाहीत, आठव्यातलं बाळ जगत नाही, पैशासाठी सिझर करतायत. सिझेरियनबद्दलचा हा संशय कुठून आला ते आम्हाला कळतं, आणि तो प्रत्येक वेळी खोटाही नसतो. पण या आजाराचं मूळ वारेत आहे आणि वार बाहेर पडल्याशिवाय आजार मागे हटत नाही. आजार सौम्य असेल तर ३७ आठवडे झाल्यावर थांबायचं कारण उरत नाही. गंभीर असेल तर ३४ आठवड्यांनंतर, आणि आईचा जीव धोक्यात असेल तर त्याही आधी. आठव्यातलं बाळ जगत नाही हे खरं नाही, काचेच्या पेटीत पुष्कळ जगतात. वेळ असेल तर आधी आईला बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून चोवीस-छत्तीस तासांत काही इंजेक्शनं देतात. सगळ्यांना सिझर लागतं असंही नाही, कळा आणून बाळंतपण करता येतं. डॉक्टरांना शांतपणे तीन गोष्टी विचारा: बीपी किती आहे, रक्ताचे रिपोर्ट काय आहेत, आणि थांबलो तर काय होईल. उत्तर ऐका आणि सही करायला वेळ लावू नका.

बाळंतपणाच्या वेळी खोलीतल्या प्रत्येक नव्या माणसाला सांगा की बीपीची केस आहे. रक्तस्राव थांबवायला एक इंजेक्शन सर्रास देतात, मेथर्जिन, त्याने बीपी आणखी चढतं. बीपी असलेल्या बाईला दुसरं औषध देतात.

बाळ झालं की घर पेढे वाटायला निघतं. आजार मात्र लगेच जात नाही. बाळंतपणानंतर तिसऱ्या ते सहाव्या दिवशी बीपी पुन्हा चढू शकतं, आणि ज्या बाईला आधी कधीच बीपी नव्हतं तिलाही बाळंतपणानंतर आकडी येऊ शकते. तोवर बाई घरी आलेली असते, रात्रभर जागी असते, डोकं दुखलं तर झोप नाही म्हणून दुखतंय असं सगळे म्हणतात. पहिल्या आठवड्यात दोन-तीनदा तरी बीपी मोजून घ्या, आशाताई घरी येतात तेव्हा त्यांना तसं सांगा. बाळंतिणीची डोकेदुखी, अंधारी, धाप यांना गरोदरपणातल्याइतकंच महत्त्व द्या, सहा आठवडे. बीपीच्या गोळ्या दूध पाजताना चालतात, पण त्या डॉक्टरांनीच ठरवाव्यात आणि त्यांनीच बंद कराव्यात.

सहा आठवड्यांनी एक तपासणी, बारा आठवड्यांपर्यंत बीपी खाली आलं नाही तर मोठ्या डॉक्टरांकडे. पाळणा लांबवायचा असेल तर माला-एनसारखी गोळी आपल्या मनाने सुरू करू नका, बीपी असलेल्या बाईला ती चालत नाही. तांबी चालते. पुढच्या खेपेला आजार परत येण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, येईलच असं नाही. वर जिचं सांगितलं, तिने तीन वर्षांनी दुसऱ्या महिन्यातच नाव घातलं, ॲस्पिरिन घेतली, माहेरी गेली नाही, आणि आता तिची मुलगी अंगणवाडीत जाते.

ज्यांना हा आजार झाला त्यांना पुढच्या आयुष्यात कायमचं बीपी, हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका इतर बायांच्या साधारण दुप्पट असतो. म्हणून वर्षातून एकदा बीपी, शुगर तपासावी, तंबाखू-मिसरी सोडावी, आणि चाळिशीत कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तरी सांगावं की गरोदरपणी बीपी वाढलं होतं. ते विचारत नाहीत. माता-बाल कार्ड आणि डिस्चार्जचा कागद बाळाच्या जन्मदाखल्यासोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवा, पावसाळ्यात पाणी शिरतं तिथे खाली नाही, वरच्या फळीवर.